सोमाजी परातीत बसला नाही

सोमाजीला काही विचारलं की तो आधी विचारणाऱ्याच्या हातांकडे पाहायचा. तोंडाकडे नाही. हातात काही आहे का, हात कुठे आहेत, हे पाहून घ्यायचा, जरा थांबायचा आणि मग भलतंच काही सांगायचा. "सोमा, कुठं चालला गा?" म्हटलं तर म्हणायचा, "औंदा मोह लई आला." धान किती झालं म्हणून विचारलं तर म्हणायचा, दौलतची गाय व्याली. खोटं नसायचं ते. गाय खरंच व्यालेली असायची. पण विचारलं त्याचं ते उत्तर नसायचं.

लाखनीहून भंडाऱ्याला पेन्शनच्या कामासाठी जायचा तेव्हाही हेच. कंडक्टर समोर उभा राहून "कुठं?" म्हणाला की सोमाजी त्याच्या हातातल्या तिकिटाच्या पेटीकडे पाहत राहायचा. मागचे लोक खोळंबायचे. शेवटी म्हणायचा, "कारधा." मग कारध्याला उतरून वैनगंगेचा अख्खा पूल पायी ओलांडून भंडाऱ्यात शिरायचा. काम झालं की पुन्हा पूल ओलांडून कारध्याला येऊन एसटी धरायची. एकदा मी सोबत होतो. उन्हानं टाळू तापली तेव्हा मी चिडून म्हटलं, अरे, भंडाऱ्याचं तिकीट काढलं असतं तर कोण तुला फाशी देणार होतं? त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुलावरून पानी चांगलं दिसते."

मागच्या हिवाळ्यात या माणसाच्या नावानं सरकारचा सन्मान आला. तो मेल्यावर. शाळेच्या मैदानात मांडव पडला, त्याच्या जवानीतल्या फोटोचा बॅनर लागला, भाषणं झाली. एकजण म्हणाला सोमाजी मनमिळाऊ होते. दुसरा म्हणाला गावाचे लाडके सुपुत्र होते. बॅनरवर लिहिलं होतं की ते विमान चालवत. मी मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. माझं घर गावाच्या टोकाला, त्याची खोली मोठ्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पारीवर, मधे फक्त माझी घरामागची सांदवाडी. त्याच्या चुलीचा धूर माझ्या घरात यायचा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण खोटं ऐकून घरी येऊन गुपचूप झोपणं हेही माझ्याच्यानं होत नाही. म्हणून लिहितो.

तर सोमाजी विमान चालवत नव्हता. विमानात बसून बिनतारी चालवायचा. गावातले लोक त्याला फौजी म्हणत तर तो वळून पाहायचा नाही. "हवाई" म्हटलं की थांबायचा. मग सगळे हवाईच म्हणायला लागले.

इकात्तरची लढाई लागली तेव्हा तो पंचविशीतला, बिनलग्नाचा होता. घरी माय आणि मोठा भाऊ दौलत. बाप आधीच गेलेला. एक दिवस तार आली. पोस्टमननं वाचून सांगितलं की विमान परत आलं नाही, सोमाजीचा पत्ता नाही. लढाई थोड्याच दिवसांत संपली, पण पत्ता नाहीच लागला. मग माय स्वप्न पाहायला लागली. सोमा बोडीत गळ्याइतक्या पाण्यात उभा आहे आणि पाणी मागून राहिला. तिकडे दौलतची लहान पोरगी तापानं पडली, ताप उतरेना. जाणते म्हणाले, जीव भटकून राहिला त्याचा, त्याला वाटेला लावा.

प्रेत हाती नसलं तर काय करायचं याची आमच्याकडे रीत आहे. पळसाच्या पानांचा माणूस करतात. पळस आमच्याकडे कुठंही. पानं मीच तोडून आणली. डोक्याच्या जागी नारळ, हात, पाय, छाती, सगळं पानांचं. दौलतनं त्याला अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही दूर सरतो न सरतो तो कावळा येऊन शिवलाही. बाया रडल्या, किती भुकेजला होता पोरगा म्हणून. आता कोणाला शंकाच राहिली नाही. तेरवी झाली, गावानं जेवण केलं.

आणि तेरवीचा मांडव सोडायच्या आधी कागद आला. सोमाजी जिवंत आहे, तिकडच्या कैदेत आहे.

गावाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पंचाईत झाली. दहावं, तेरवी झालेला माणूस घरात घ्यायचा कसा? तो कैदेत होता तेवढं वर्षभर गाव याचाच विचार करत होतं. पारावर, खळ्यावर, न्हाव्याकडे, सगळीकडे तेच. कोणी म्हणे काही होत नाही, कोणी म्हणे त्याच्या हातचं पाणी घेतलं की घर बुडते. दौलत वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या पोरी होत्या, उद्या त्यांची लग्नं करायची होती. तो लाखनीच्या जोशीबुवांकडे गेला. जोशीबुवांनी पोथी पाहून उपाय सांगितला. मेलेला माणूस परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. मोठ्या परातीत पाणी आणि तूप घालायचं, त्यात त्यानं लहान लेकरासारखं पाय दुमडून बसायचं. दाईनं नाळ कापल्यासारखं करायचं, आंघोळ घालायची, बारसं करायचं. मग तो पुन्हा माणसांत.

सोमाजी आला ते धान चुरायचे दिवस होते. लाखनीला उतरून पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन पायीच आला. मी खळ्यावर होतो, मला आधी दिसला. अर्धा उरला होता. एक पाय जरा ओढून चालायचा. पेटी धरलेल्या हाताच्या बोटांची नखं नवी, पातळ होती, लेकराच्या नखांसारखी. मी बैल सोडून त्याच्या मागे गेलो.

दौलतच्या दारात परात मांडलेली होती. पितळेची, भंडाऱ्याहून लग्नाच्या सैपाकासाठी आणलेली, पोहता येईल अशी. दाई बसलेली. जोशीबुवा बसलेले. गाव जमलेलं. माय परातीच्या त्या बाजूला, सोमाजी या बाजूला. मायचे हात पुढे आलेले, पण दोन बायांनी तिला धरून ठेवलं होतं.

जोशीबुवांनी त्याला नीट समजावलं. त्यानं सगळं ऐकलं. त्या दिवशी त्यानं भलतंच उत्तर दिलं नाही, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"याच्यात बसलो त मी मेलो होतो असं होते?"

"शास्त्रापुरतं, बाप्पा."

"मी मेलो नव्हतो. मी नाही बसत."

लोक गलका करायला लागले. दौलतनं हात जोडले. तो रडवेला झाला होता. म्हणाला, "सोमा, बस ना रे. नुसतं हो म्हन. म्हनन्यात काय जाते?"

त्या शब्दासरशी सोमाजीचा चेहरा असा झाला जसं कोणीतरी त्याच्या तोंडावर थंड पाणी मारलं. त्यानं दौलतच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. पेटी उचलली आणि बोडीच्या पारीकडे चालू लागला. तिथं आमची राखणीची एक खोली होती, मातीची, पडकी. तो तिच्यात शिरला. पुढे तेच त्याचं घर झालं.

गावानं ठरवलं, अहंकार आहे. हवेत राहून माणूस हवेतलाच झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय पदराखाली पितळेचं ताट झाकून पारीवरून आली. ती सांदवाडीला लागून जाताना मी पाहिली. त्या दिवशी त्यानं खाल्लं, ती पाहत बसली. तिसऱ्या दिवशी तीही त्याच ताटात जेवली. मग दौलतच्या घरात तिचं ताट वेगळं ठेवायला लागले. तेव्हा ती पितळेचं ताट सोमाजीच्या खोलीतच ठेवून आली आणि रोज एक वेळ तिकडेच जेवू लागली. पाटलीणबाई तिला एकदा वाटेत म्हणाली, बुढे, परातीत बसव ना त्याले, तुझं तरी ऐकेल. माय म्हणाली, "मी त्याले एकदा जनलं. दुसऱ्यांदा जनायची ताकत नाही माझ्यात."

सोमाजी पुन्हा नोकरीवर गेला. सुटीत यायचा तो पारीवरच. त्याच्या लग्नासाठी दौलतनं खटपट केली, नाही असं नाही. कारध्याकडचे पाहुणे आले. पोरीच्या बापानं रीतीनं विचारलं, नोकरी कुठं, पगार किती, तिकडे कैदेत काय काय झालं. सोमाजी त्याच्या हातांकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "आमच्या बोडीत सिंगाडा मोठा होते." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा घेऊन उठले. जाताना फाट्यावर त्यांना कोणीतरी दहाव्याचंही सांगितलं. दहावं झालेल्याला पोरगी द्यायची म्हणजे विधवा करूनच पाठवायची, असं पोरीचा मामा म्हणाला म्हणे. मग पुन्हा कोणी पाहुणे आले नाहीत.

पेन्शन घेऊन तो कायमचा आला तेव्हा माय थकली होती. पारीवर चढवत नव्हतं, तरी काठी टेकत यायची. तिचं ताट तो चिंचेनं घासून असं ठेवायचा की त्यात तोंड दिसावं.

आणि मग ती गेली. त्या दिवसाचं लिहायचं की नाही, याचा मी फार विचार केला. तिरडी बांधून झाली होती. सोमाजी अंगणाबाहेर उभा होता. जोशीबुवा तोवर वारले होते, त्यांचा मुलगा आला होता. तो मऊ स्वभावाचा होता. तो सोमाजीजवळ जाऊन म्हणाला, आता तरी परातीत बसा, दोन मिनिटं लागतील. मायला खांदा देता येईल. दौलतनं तीच परात बाहेर काढून ठेवली होती. खांदेकरी थांबले होते.

सोमाजी परातीकडे पाहत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. एकदा त्यानं पायातली चप्पल काढली. मला वाटलं, झालं, बसला. मग त्यानं चप्पल पुन्हा घातली आणि मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं आणि मान नाही म्हणत होती.

तिरडीच्या मागे एक बैलबंडी जाईल इतकं अंतर ठेवून तो मसणवट्यापर्यंत चालत आला. आम्ही आंघोळी करून परत निघालो तरी तो तिथंच उभा होता. त्या दिवशी माझ्या घरातही बोलणं झालं. बायको म्हणाली, दगड आहे दगड. मीही तेव्हा तिला काही उलट बोललो नाही. मला काय माहीत होतं.

मायच्या मागे तो पारीवर वीसेक वर्षं तरी राहिला. सकाळी भात शिजला की पहिला घास बाहेर दगडावर. कावळा ठरलेला. मी एकदा म्हटलं, काय रे, पितर घातले का रोज? म्हणाला, "त्यानं माझ्या नावाचं एकदा खाल्लं ना. आता सवय लागली त्याले." एवढा विनोद तो करायचा, तोही कधीमधी. दौलतचा मुलगा वसंता त्याला धान आणून द्यायचा, पण खोलीत शिरायचा नाही, पोतं बाहेर ठेवून हाक मारायचा.

सोमाजी कधी कोणाला जेवायला बोलावत नव्हता. नुसतं "चहा घे" असंही नाही. लोक म्हणत चिकट आहे, पेन्शन साठवते. मला हळूहळू ध्यानात आलं. तो बोलावता तर लोकांना नाही म्हणावं लागलं असतं. त्यानं कोणावर ती पाळी येऊ दिली नाही.

संध्याकाळी तो धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, फिरायचा. आमच्याकडे धानाच्या प्रत्येक बांधीला, शेताच्या प्रत्येक तुकड्याला, नाव असते. सोमाजी पारीवरून निघायचा आणि चालता चालता नावं मोठ्यानं म्हणायचा. "मोठी बोडी. धाकटी बोडी. मोहाची बांधी. बुडीत. गोटाळी. टेंभराची बांधी. सोनारीण." रोज तीच नावं, त्याच क्रमानं, पाऊस असो की थंडी. सोनारीण का म्हणतात हे आता कोणालाच माहीत नाही, पण तो म्हणायचाच. गुरं राखणारे मागून त्याच्यासारखंच म्हणून हसायचे. तो रागवायचा नाही. मात्र कोणी गोटाळी आधी आणि बुडीत नंतर म्हटलं की थांबायचा, मागे वळायचा, आणि पुन्हा मोठ्या बोडीपासून सुरुवात करायचा. लोक म्हणत, डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटायचं. मी फक्त बोलून दाखवत नव्हतो.

तो गेला तो दोन वर्षांमागे, रोवणी आटोपल्यावर. सकाळी चुलीचा धूर आला नाही म्हणून मी पारीवर गेलो. छपरीतल्या खाटेवर होता, डोळे मिटून, हात छातीवर मोकळे. वसंतानं अग्नी दिला. पण दहावं करायचं की नाही यावर पुन्हा बैठक बसली. एक म्हातारा म्हणाला, त्याचं झालं आहे एकदा, एका माणसाला दोनदा पिंड देत नाहीत. दुसरा म्हणाला, तेव्हा तर तो जिता होता. पहिला म्हणाला, कावळा तर शिवला होता ना? दहावं झालं नाही. कावळा मात्र बरेच दिवस दगडावर येऊन बसायचा.

आता सन्मानाचं. भाषणं झाली, पदक आणि कागद वसंतानं घेतला, टाळ्या झाल्या. व्यासपीठावर बाहेरगावचे एक म्हातारे साहेब बसले होते. नव्वदीला टेकलेले, एक पाय आखूड, काठी. हे त्या विमानाचे चालक, सोमाजीचे अफसर. हा सन्मान मिळावा म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं अर्ज केले होते, असं सांगितलं गेलं. त्यांना माइक दिला तर ते फार बोलले नाहीत. खाली उतरून मात्र लोकांना हिंदीत विचारू लागले, सोनारीण कुठे आहे?

लोकांना वाटलं कोणी बाई शोधून राहिले. दोघंतिघं हसले. मी खुर्चीवरून उठलो.

मी त्यांना घेऊन गेलो. पारीवर पोचल्यावर मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तेच आधी म्हणाले, "मोठी बोडी." मग काठीनं पुढे दाखवत, "धाकटी बोडी. मोहाची बांधी. बुडीत. गोटाळी." ज्या माणसाच्या पायाला त्या दिवसापर्यंत आमच्या मातीचा कण लागला नव्हता, तो क्रम न चुकता म्हणत होता. मी तिथल्या तिथं उभा राहिलो. त्यांना विचारलं, तुम्हाला हे कसं ठाऊक?

ते धुऱ्यावर बसले आणि सांगू लागले. विमान पडलं तेव्हा त्यांचा पाय मोडला होता. सोमाजी धड होता, रात्र होती, उसाच्या फडातून पळून जाऊ शकला असता. तो साहेबांजवळ बसून राहिला. दोघं पकडले गेले. तिकडच्यांनी विचार केला, अफसर तोंड उघडणार नाही, हा तारवाला साधा माणूस आहे, याच्याकडून निघेल. त्याला विचारलं, तुमची विमानं कुठं कुठं उभी असतात, कोणत्या तळावर, कोणता तळ कुठून किती लांब. सोमाजीनं सांगायला सुरुवात केली. मोठी बोडी. तिथून जवळच धाकटी बोडी. मग मोहाची बांधी. त्यांनी खुशीत सगळं लिहून घेतलं. नकाशे पाहिले. काही दिवसांनी परत आले ते चिडून. नकाशात असं काही नाही म्हणाले. सोमाजी म्हणाला, मग नकाशा चूक आहे.

साहेब शेजारच्या कोठडीत होते. पुढचं सगळं त्यांनी भिंतीतून ऐकलं. मारायचे, थांबायचे, पुन्हा विचारायचे. आणि भिंतीपलीकडून तीच नावं, त्याच क्रमानं. एखादं नाव इकडचं तिकडे झालं असतं तर त्यांना धागा सापडला असता. कधी झालं नाही. साहेब म्हणाले, त्या कोठडीत मला ही नावं पाठ झाली, आमच्यातले काही जण तर ती रात्री झोपताना म्हणायचे.

मग म्हणाले, शेवटी शेवटी तिकडच्यांनी एक कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं की आमच्या विमानानं मुद्दाम गावावर बॉम्ब टाकले. सोमाजीनं तेवढं रेडिओवर म्हणायचं होतं. त्यांचा एक माणूस गोड बोलायचा. रोज यायचा आणि म्हणायचा, "एक बार बोल दो, बोलने में क्या जाता है?"

मी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे दौलत आला, हात जोडलेला.

मी साहेबांना परातीचं सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत. पळसाची पानं, दहावं, दार, माय त्या बाजूला, आणि मायच्या तिरडीजवळ पुन्हा परात. ते काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. समोर सोनारीणमध्ये लाखोळी फुलली होती. मग म्हणाले, "हाँ. वही आदमी." आणि उभे राहिले, टोपी नीट केली आणि त्या बांधीला सलाम केला. बांधीत एक बगळा होता, तो उडाला.

मांडवातल्या लोकांना मी हे सगळं सांगितलं. काहींनी मान हलवली. जो म्हातारा दहावं नको म्हणाला होता तो म्हणाला, "मंग आधी काहून नाही सांगितलं त्यानं?" ज्या माणसानं न सांगण्यासाठी नखं दिली, त्यानं पारावर बसून सांगत सुटायचं होतं का.

पण मला जे लिहायचं होतं ते हेही नाही. मला त्याची शेवटची संध्याकाळ लिहायची होती.

आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की विचारते, जेवला का? त्याला अर्थ नसतो, नमस्कारासारखं असते ते. मीही सांदवाडीच्या कुडावरून सोमाजीला रोज संध्याकाळी विचारायचो आणि रोज त्याचं काहीतरी भलतं ऐकायचो. बोडीत पाणी आहे. बगळे आले. आभाळ आलं. मी हट्टी माणूस, विचारणं सोडलं नाही. तोही हट्टी, उत्तर दिलं नाही. आमचं असंच चाललं होतं.

त्या संध्याकाळी तो धुऱ्यावरून फिरून येऊन छपरीत बसला होता. उजेड होता अजून. मी कुडावरून म्हटलं, "सोमा, जेवला का गा?"

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याचे डोळे मी समोरून पाहिलेच नव्हते.

"नाही जेवलो," तो म्हणाला. "ये. बस."

मी कूड ओलांडून गेलो. तो आत गेला आणि दोन ताटं घेऊन आला. एक त्याचं जर्मनचं. दुसरं पितळेचं, चिंचेनं घासलेलं, मावळतीचा उजेड पडून चमकणारं. मी ते ओळखलं. भात होता, बोडीतल्या लहान मासोळ्यांचं कालवण होतं. त्यानं पितळेचं ताट माझ्यापुढे ठेवलं. भात वाढायला लागला तर तो माझ्या ताटातही पुरला, त्याच्याही. मी म्हटलं, मी येणार हे तुला ठाऊक होतं का?

"नाही," सोमाजी म्हणाला. "माय गेली तवापासून रोज दोघांचंच टाकतो."

मग आम्ही जेवलो. तो जेवताना मान खाली घालून, भरभर जेवायचा, जसा कोणी ताट ओढून नेईल. त्या दिवशी हळू जेवला. बोडीवर अंधार उतरेपर्यंत आम्ही बसून होतो. मी आणखी काही विचारलं नाही. निघताना मी ताट घासायला उचललं, तर त्यानं माझ्या हातातून ते घेतलं आणि म्हणाला, "राहू दे. उद्या ये."